नवरीमागचं आकाश

मामा पडद्यावरच्या नवरीच्या कानामागचा धूर पुसत होता. एका हातात माऊस, दुसऱ्या हातात केव्हाचा गार झालेला चहा, आणि नाक पडद्याला टेकायचंच बाकी. नवरीचे केस कुरळे आणि सुटे होते. एकेका बटेच्या फटीतलं काळं काढून तिथे निळं भरायचं म्हणजे जीव खाणारं काम. त्या नादात भाची येऊन मागे उभी राहिलीय, याचा मामाला पत्ताच नव्हता.

भाची शहरातल्या वर्तमानपत्रात बातमीदार होती. नणंदेच्या लग्नासाठी मामाची तारीख धरायला आले, असं ती सांगणार होती; खरं म्हणजे कचेरीत बसवेना म्हणून निघून आली होती. सकाळीच तेल कंपनीने सुनावणीसाठी दिलेली कागदपत्रं तिच्या हाती पडली होती आणि त्यात तिचाच एक लेख निघाला होता.

प्रकरण सगळ्या शहराला पाठ होतं. वस्तीच्या टोकाला तेल शुद्ध करण्याचा कारखाना, आणि उरलेला वायू जाळायला त्याचं उंच धुराडं. धुराडं रोज जळतं, असं वस्ती म्हणायची. तीन वर्षांत मोजून एकोणीस दिवस जाळलं, बाकी बंदच होतं, असं कंपनीच्या नोंदी म्हणायच्या. वस्तीतली अकरा माणसं फलक घेऊन कारखान्याच्या दारात बसली, त्यात एक निवृत्त परिचारिका आणि एक बेकरीवालाही होता. कंपनीने अकराही जणांवर अफवा पसरवल्याचा खटला भरला. भाची सहा महिने या बातमीच्या मागे होती. खोकणारी माणसं तिच्याकडे ढिगाने होती, पण अमुक दिवशी अमुक वाजता धुराडं जळत होतं, याचा एकही पुरावा नव्हता.

आणि गेल्या वर्षी तिनेच एका हलक्याफुलक्या लेखात लिहून ठेवलं होतं की, माझ्या लग्नाच्या दिवशी मात्र धुराड्याने माझ्यावर दया केली, आकाश कसं निळंभोर होतं. कंपनीच्या नोंदीतही त्या दिवशी धुराडं बंद. म्हणजे बघा, कंपनी म्हणत होती, आमच्या नोंदी खऱ्या असल्याची साक्ष तुमच्याच बातमीदारबाई देतायत. सुनावणी सोमवारी होती. आपल्या एका ओळीपायी अकरा माणसं तुरुंगात जाणार, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

"मामा, हे काय करतोयस?"

मामा दचकला. चहा सांडता सांडता वाचला.

"आकाश साफ करतोय. दिसत नाही का?"

"हे रोज करतोस?"

"मग काय, धुरासकट देऊ? लग्नाचा फोटो आहे, कारखान्याचं कॅलेंडर नाही."

मामाला सगळं शहर फोटोमामा म्हणायचं. मंगल कार्यालयाच्या गच्चीवर, बरोबर साडेपाचच्या उन्हात, नवरा-नवरीचा एक फोटो काढायचा, ही त्याची ठरलेली पद्धत. ऊन तिथेच चांगलं पडायचं, आणि धुराडंही नेमकं तिथेच मागे यायचं. मग स्टुडिओत आणून धूर पुसायचा. आपल्या निळ्या रंगाचा मामाला भारी अभिमान होता. तसला निळा दुसऱ्या कुणाला जमत नाही, हे तो न विचारता सांगायचा.

भाची स्टुलावर बसली. मामाने चष्मा काढला आणि उगाचच शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला.

"माझ्या फोटोतही?"

"तुझ्या फोटोत तर दोन दिवस लागले," मामा म्हणाला. "फार काळा होता गं त्या दिवशी."

लग्नाच्या दिवशी आकाशाकडे बघायला फुरसत कुणाला असते? ते निळंभोर आकाश तिने पाहिलं होतं ते दिवाणखान्यातल्या फोटोत. रोज येता-जाता पाहून तिला ते आठवायला लागलं होतं. बातमीदार म्हणून दहा वर्षं काढली, दुसऱ्याचा शब्द तीन वेळा तपासून घेणारी बाई, आणि मामाच्या निळ्या रंगाला फसली. तिला आधी स्वतःचा संताप आला आणि मग असं काही हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. मामाला कळेना, ही रडतेय की हसतेय.

"मूळ फोटो ठेवलेत का रे?"

आता मामाला राग आला. मूळ फोटो पुसणारा मी फोटोग्राफर वाटलो का, असं म्हणत त्याने कपाट उघडलं. तारखांनिशी ओळीने लावलेल्या डिस्क. शिवाय रोज सकाळी रेडिओवर वेळ ऐकून कॅमेऱ्याचं घड्याळ लावायचं, ही त्याची जुनी खोड होती. मामी असताना त्यावरून त्याची रोज थट्टा व्हायची. त्यामुळे तीन वर्षांतली दोनशे चौदा लग्नं त्या कपाटात मिनिटासकट बसली होती.

पण ती द्यायला मामा काही केल्या तयार होईना. लोकांना कळलं की फोटोमामा खोटं आकाश देतो, तर माझं तोंड दाखवायचं कुठे, हे त्याचं म्हणणं. भाचीने त्या अकरा जणांची नावं घेतली. परिचारिकेपाशी मामा अडखळला. मामीच्या शेवटच्या आजारपणात रोज घरी येऊन सुई देणारी तीच होती. तो बराच वेळ डिस्कवरची धूळ पुसत राहिला, धूळ नसतानाही.

"जोडप्यांना विचारून घ्यायचं," तो शेवटी म्हणाला. "त्यांचे चेहरे आहेत. आणि फोन मी करणार. कबूल मीच करतो काय ते."

दोन दिवस मामा फोनला चिकटून होता. आधी माफी मागायचा आणि मग परवानगी. माफी कुणी ऐकूनच घेत नव्हतं. पहिल्याच नवऱ्याने सांगितलं, आम्हाला माहीत होतं हो मामा, त्या दिवशी माझी बायको खोकत खोकत हसत होती. एक नवरी म्हणाली, जरूर छापा, फक्त माझी हनुवटी जरा बघा. एका बाईंचा घटस्फोट झाला होता. त्या म्हणाल्या, धूर राहू द्या, त्यांना तेवढं कापा. सहा जणांनी नकार दिला, दोनशे आठ तयार झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मामाचा आवाज बसला होता आणि चेहरा असा फुलला होता की भाचीला वाटलं, स्वतःचंच लग्न ठरलंय याचं.

संपादकबाई मात्र सहजासहजी खूश होणाऱ्यातल्या नव्हत्या. प्रत्येक फोटोची वेळ त्यांनी दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घेतली. सोळा फोटोंत धूर नव्हता, ते भाचीने बाजूला ठेवले होते. बाईंनी ते परत समोर आणून ठेवले.

"हेही छापायचे. आणि तुझी चूकही, तुझ्या नावानिशी."

रविवारच्या अंकात पानभर नवरा-नवरी हसत होते आणि एकशे ब्याण्णव जोडप्यांच्या मागे काळा लोट उठला होता. सर्वांत वर भाचीच्याच लग्नाचा, धुरासकटचा फोटो होता, खाली तिने लिहिलेली चार ओळींची दुरुस्ती. असं आनंदी पान त्या वर्तमानपत्राने कधी छापलं नव्हतं. लोक टपरीवर उभं राहून स्वतःला शोधत होते.

सोमवारी सुनावणीला सभागृह ओसंडून वाहत होतं. कंपनीचा प्रवक्ता म्हणाला की, तो धूर म्हणजे कॅमेऱ्यातला दोष असावा. सुनावणी घेणाऱ्या अध्यक्षबाईंनी भिंग घेऊन पान नीट पाहिलं.

"नवरा-नवरी तर स्वच्छ आलेत," त्या म्हणाल्या.

सभागृह हसलं. मामा शेवटच्या रांगेत बसला होता. तोही हसला, जरा उशिराने, आधी इकडेतिकडे बघून. महिन्याभराने निकाल लागला. अकरा जणांवरचा खटला गेला, कंपनीच्या नोंदी खोट्या ठरल्या, आणि नवी यंत्रणा बसेपर्यंत धुराडं बंद ठेवायचा आदेश निघाला. परिचारिकेने मामाला फोन करून फक्त एवढंच विचारलं की, सकाळच्या गोळ्या वेळेवर घेतोस ना.

नणंदेचं लग्न झालं ते आठ महिन्यांनी. साडेपाचला मामाने दोघांना गच्चीवर उभं केलं, एक फोटो काढला, आणि कॅमेरा खाली घेऊन थोडा वेळ नुसताच बघत उभा राहिला. नवरा म्हणाला, मामा, आम्ही हलायचं का?

चार दिवसांनी नणंद भाचीला घेऊन फोटो बघायला स्टुडिओत आली. पडद्यावर फोटो उघडला. तिने मान तिरकी करून पाहिलं, मग नाक मुरडलं.

"मामा, रागावू नका हं. पण आकाश फारच निळं केलंय तुम्ही. खोटं वाटतं."

भाचीने चमकून मामाकडे पाहिलं. या आकाशाला मामाने हातही लावला नव्हता.

"बघतो," तो म्हणाला.

त्याने चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि माऊसवर हात ठेवला. हात तसाच ठेवून तो त्या आकाशाकडे बघत बसला. नणंदेला त्याची फक्त पाठ दिसत होती. भाचीला मात्र बाजूने त्याचा फुललेला चेहरा दिसत होता. पाच-एक मिनिटांनी मामा खुर्चीत मागे टेकला.

"आता बघ."

नणंदेने पुन्हा मान तिरकी केली.

"हां," ती म्हणाली. "आता कसं खरं वाटतंय."