पूर्ण दाबाची वीज

आमच्या गावात हिवाळ्यात वीज येते ती नावापुरती. बल्बची तार जरा लाल झाली की बायका म्हणतात, "आली बघा नवरी, तीही घुंगटात!" आणि कामाला लागतात.

माझं हीटर दुरुस्तीचं दुकान. शेजारी सोनाकाका सुतारांचं लाकडी घर. त्यांच्या बायकोला, झूनाकाकीला, अर्धांगवायू झाला, तिची डावी बाजू गेली, अंथरुणावरून उठता येईना. फेरनच्या पायघोळ झग्याआत निखाऱ्यांची कांगडी सांभाळायची तर हात धड हवेत. निखारा सांडून काकी भाजेल या धास्तीने काकांनी हीटर घेतला.

"अश्रफ, हा हीटर आहे की देखावा?" एक दिवस ते कावून आले. "हिचे पाय अजून गारच!"

मी घरी जाऊन मीटर लावला. दोनशे चाळीस व्होल्ट हवेत तिथे एकशे वीस, करंट दोन अँपियर. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, काका? एकशे वीस भागिले दोन, म्हणजे कॉइलचा रोध साठ ओहम. एकशे वीस गुणिले दोन, ही झाली दोनशे चाळीस वॅट. यावर कांदासुद्धा परतणार नाही."

मग काकांनी तेच केलं जे इथे घरोघरी करतात. कॉइल तोडून पाव ठेवली. फ्यूज उडू लागला, तर त्यात जाड तार घातली. आता आठ अँपियर, नऊशे साठ वॅट. खोली उबदार झाली. काकी कितीतरी दिवसांनी हसली.

मी मात्र भडकलो. "रोध पंधरावर आणलात! उद्या पूर्ण दाब आला तर सोळा अँपियर ओढेल. जवळजवळ चार हजार वॅट. घर लाकडाचं आहे, काका!"

"पूर्ण दाब? या गावात?" काका खो खो हसले. "तुझ्या तोंडात साखर पडो!"

पण काकीसाठी त्यांनीच वीज कचेरीत खेटे घातले, गाव जमवलं, आणि ऐन थंडीत नवा ट्रान्सफॉर्मर आला. त्या दिवशी मी माल आणायला श्रीनगरला गेलो होतो. मागचं सगळं मला लोकांनी सांगितलं. काकीच्या अंगावर रजई घालून, लावलेला हीटर पायाशी सरकवून काका ट्रान्सफॉर्मरपाशी मैदानात गेले. वीज कचेरीचे साहेब म्हणाले, "ज्याने खेटे घातले त्यानेच स्विचचा दांडा ओढावा." काकांनी ओढला. भरदुपारी दुकानांतले दिवे लखलखले. टाळ्या, गरम काहवा, मिठ्या. काकांना खांद्यावर घेतलं होतं, तिथूनच त्यांना आपल्या छपरावरचा धूर दिसला.

काकीच्या चहारमची, चौथ्या दिवसाची, दुआ आटोपल्यावर ते माझ्या दुकानात येऊन बसले. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

"तो हिशेब परत सांग."

"कशाला, काका?"

"सांग."

"दोनशे चाळीस भागिले पंधरा. सोळा अँपियर. तीन हजार आठशे चाळीस वॅट."

"म्हणजे आधीच्या चौपट."

"हो."

ते आपल्या तळहातांकडे बघत म्हणाले,

"रजई पेटायच्या आधी थोडा वेळ तरी गेला असेल. तेवढ्यात तिचे पाय गरम झाले असतील ना रे?"

"झाले असतील, काका," मी म्हणालो.