जिच्याखाली काय होते ते कोणी पाहिले नाही

मित्रांनो, आज मी आपणांसमोर माझे जीवनवृत्त निवेदन करणार आहे. त्यात माझा जन्म, माझी चाकरी आणि माझी भीती येईल. परंतु त्या बारा दिवसांत माझ्याखाली काय झाकलेले होते, हे मात्र येणार नाही.

मी एक जुनी ताडपत्री आहे. कुम्हारी गावातल्या एका लहानशा कारखान्यात मला हिरव्या जाड कापडातून शिवले गेले व काठांना पितळी कड्या ठोकल्या गेल्या. पुष्कळ वर्षे मी मालगाडीवर धान आणि सिमेंट झाकले. पावसाचा थेंबही आत जाऊ दिला नाही, म्हणून हमाल माझी वाखाणणी करीत.

तदनंतर एका उन्हाळ्यात सीमेवर तणाव वाढला. मला एका वॅगनवर ताणून बांधण्यात आले व ती वॅगन भिलाईजवळच्या एका रेल्वे फाटकाशेजारी, बंद रुळावर उभी करण्यात आली. बंदूकधारी पहारेकरी बसला. त्याच्या साहेबांनी त्याला बजावले, "कोणी विचारले तर हो म्हणायचे नाही आणि नाहीही म्हणायचे नाही. आभाळातून पाहणाऱ्या शत्रूला कोणत्या डब्याला भ्यावे हेच कळता कामा नये."

फाटकवाले चंपत यांचे क्वार्टर तेथून वीस पावलांवर होते. त्यांची लेक आम्रपाली बाळंतपणासाठी माहेरी आलेली, नववा महिना लागलेला.

"इचारून तर पाहा त्याले," त्यांची पत्नी शेवंताबाई म्हणाल्या. "बारूद असंन त पोरीले उतईले मावशीकडं धाडू. नसंन त कायले हलवाची तिले असल्या रस्त्यानं?"

"इचारलं. हाव बी म्हणत नाई, नाई बी म्हणत नाई. म्हणते, चाचा, जो समझना है समझ लो."

"तुमच्यापरीस ते ताडपत्री बरी. हलते तरी."

बाराव्या दिवशी दुपारी वावटळ उठली. पहारेकरी पाणी भरावयास गेला होता. माझा एक दोर सुटला आणि कोपरा वर उडाला. चंपत धावत आले. मित्रांनो, मान किंचित वळवली असती तरी त्यांना सर्व दिसले असते. त्यांनी पाहावे असे मला वाटत होते, आणि ते पाहतील या धास्तीने मी थरथरतही होते. त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवले, हाताने चाचपडत कडी शोधली आणि दोर करकचून आवळला.

शेवंताबाई दारातून पाहत होत्या. "पाहिलं?"

"नाई."

"कावून?"

"पाहिलं असतं त तुले सांगा लागलं असतं. अन् तुले सांगतलं म्हणजे साऱ्या क्वार्टरांच्या लाइनीले सांगतलं."

शेवंताबाई हसल्या नाहीत. त्याच दुपारी त्यांनी आम्रपालीला ऑटोत बसवले. उतई येण्याआधीच, खड्ड्यांच्या रस्त्यावर, ऑटोतच तिला मुलगी झाली. त्या मुलीचा श्वास फार उशिरा आला. दुसऱ्या सकाळी वॅगन निघून गेली. कोठे, ते मलाही ठाऊक नाही. रात्रीच्या अंधारातच मला उतरवून फाटकाशी टाकले होते व माझ्या जागी नवी ताडपत्री बांधली होती.

आता मी फाटले आहे. चंपत यांच्या शेळ्यांच्या गोठ्यावर पडून असते. ती मुलगी, दीक्षा, चार वर्षांची झाली. ती माझ्या सावलीत खेळते, आणि खोकल्याची उबळ आली की शेवंताबाई आधी तिच्याकडे व मग वर माझ्याकडे पाहतात.

मी काय सांगू? आत काहीच नव्हते म्हणावे, तर शेवंताबाई नवऱ्याला जन्मभर क्षमा करणार नाहीत. होते म्हणावे, तर पोटुशी लेक बारा दिवस त्याच्याशेजारी निजली, या विचाराने त्यांची झोप उडेल. म्हणून मी गप्प राहते, आणि त्यांची नजर वर आली की आजही मला भीती वाटते.

मित्रांनो, मोठेपणी कोणाला ताडपत्री बांधण्याचा हुकूम देण्याची वेळ आपणांवर आली, तर आत काय आहे ते खुशाल गुपित ठेवा. मात्र वीस पावलांवर कोण राहते ते आधी पाहा, आणि त्यांना काही दिवस दुसरीकडे नीट नेऊन ठेवा. वॅगन भरलेली असो वा रिकामी, दोन्ही वेळा न्या. मग गुपितही राहील आणि लेकरेही राहतील.

आपण माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकलेत, याबद्दल मी आपली ऋणी आहे.

ताडपत्रीचे हे मनोगत कागदावर उतरवणारा व आपणां सर्व वाचकांचा आभारी,
नरेश चंपत गजभिये, भिलाई