रेडिएटरच होता

कालिबेक उस्ताने पाना बाजूला ठेवला आणि नुसता तळहात रेडिएटरच्या टोपणाजवळ नेला. आधी हात, मग कान, मग नाक आणि पाना सगळ्यात शेवटी, ही त्याची पद्धत आमच्या साऱ्या नारीन गावाला पाठ. अंदाजाने पार्ट बदलणाऱ्यांना तो मेकॅनिक म्हणत नसे, दुकानदार म्हणत असे.

"काय काय बदललंय?"

गाडीचा मालक एसेनगुल याने बोटांवर मोजलं. "थर्मोस्टॅट. पाण्याचा पंप. पंखा. हेडचं गॅस्केट. मग परत थर्मोस्टॅट."

"परत कशाला?"

"चौथा म्हणाला, पहिला बोगस असेल."

"असेल!" उस्ता खेकसला. "असेल, नसेल, बघू या! चौघांनी गाडी उघडली, पण एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाई, तुला दुखतंय तरी कुठं?"

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

एकोणचाळीस दिवसांपूर्वी याच गाडीच्या मागच्या सीटवर एसेनगुलची बायको जिपार पोट धरून कण्हत होती. अपेंडिक्स फुटलं होतं, शहरात नेऊन लगेच ऑपरेशन करायला हवं होतं. दोलोनच्या घाटात, माथ्याच्या जरा अलीकडे, तापमानाचा काटा लाल रेषेत गेला आणि बॉनेटमधून वाफ उसळली. एसेनगुल रस्त्याकडेचा बर्फ ओंजळीने आणून इंजिनावर टाकत राहिला. ट्रक यायला अडीच तास लागले. तो आला तेव्हा कसली घाई उरली नव्हती.

"उद्या तिचा चाळिसावा दिवस," एसेनगुल म्हणाला. "घोडा कापायचाय, सगळे पाहुणे येतील. सासूबाई दारातच विचारणार, गाडीला काय झालं होतं? काय सांगू त्यांना? उस्ता, गाडी दुरुस्त नाही झाली तरी चालेल. मला फक्त कारण सांगा. माझ्याकडून काही राहिलं होतं का, तेवढं सांगा. तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून आलोय."

ते खरंच होतं. मशिदीच्या इमामालाही उस्ताने भर चौकात ऐकवलं होतं, गाडी धडधाकट आहे, तुम्हालाच गिअर टाकता येत नाही.

"हिवाळ्यात पुढे काही लावलं होतंस?"

आमच्याकडे लावतातच. उणे तीसमध्ये इंजिन गरम राहत नाही, म्हणून कुणी रेडिएटरपुढे पुठ्ठा घालतो, कुणी बुरणुसाचा जाड लोकरी तुकडा.

"बुरणूस होता. जिपारने शिवला, कडेने लाल लोकरीचे टाके घालून. मी म्हटलं, गाडीला काय नवरी करतेस?" त्याच्या ओठांवर हसू आलं आणि तिथेच मेलं. "मार्चमध्ये, नवरोजच्या सणाला काढला. गोठ्यात टांगलाय."

"नक्की?"

"या हातांनी काढला."

उस्ताने मान डोलावली. "कालव्यावरून दोन बादल्या पाणी आण."

एसेनगुल फाटकाबाहेर गेला. उस्ताने गाडी चालू केली, पंखा फिरायची वाट पाहिली आणि जुन्या वर्तमानपत्राचं पान जाळीसमोर धरलं. वर ते चटकन ओढलं जाऊन चिकटलं. खाली धरलं, तर गळून जमिनीवर पडलं. पुन्हा धरलं, पुन्हा पडलं. खालच्या भागातून वाराच जात नव्हता.

त्याने गाडी बंद केली, पाठीवर सरपटत खाली शिरला आणि एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत दोन बोटं घातली. काहीतरी मऊ लागलं. पक्कडीने ओढत ओढत त्याने ते बाहेर काढलं. धुळीने काळा झालेला, वितीएवढ्या रुंदीचा लांब तुकडा. कडेला लाल टाके.

सापडलं, असं वाटून त्याला पहिल्यांदा आनंद झाला. मग स्वतःचीच किळस आली. त्या अरुंद फटीत पुरुषाचा हात जात नाही. जिपारनेच बारीक हाताने तो सरकवला असणार. थंडीत नवऱ्याची गाडी बंद पडू नये म्हणून. थंडीभर आणि सपाटीवर तो खपून गेला. मे महिन्यात, चढावर, खपला नाही. पाच पार्ट बदलून झाले होते, आणि औषध एवढंच होतं की ही चिंधी उपटायची.

बादल्यांचा आवाज आला. उस्ताने तुकडा काखेत दाबला, कोपऱ्यातल्या तेलाच्या पिंपात खुपसला आणि वरून फडकी टाकली.

"मिळालं?" एसेनगुलने फाटकातूनच विचारलं.

"रेडिएटर," उस्ता म्हणाला. "आतून चोंदलाय. बाहेरून नवा दिसतो."

"म्हणजे मला कळलं नसतं?"

"मलाही कळलं नसतं."

एसेनगुल बादल्या तिथेच ठेवून उकिडवा बसला आणि दोन्ही हातांत तोंड घालून लहान मुलासारखा रडला. उस्ता त्याच्याकडे न बघता कामाला लागला. परसातल्या एका मोडीत निघालेल्या गाडीचा रेडिएटर त्याने आणला, या गाडीचा चांगला, निरोगी रेडिएटर काढून भंगारात फेकला आणि दुसरा बसवला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने न बिघडलेला पार्ट बदलला. खोटं एकदाच बोलावं लागेल असं त्याला वाटत होतं.

दुपारी गाडी तासभर चालू ठेवली. काटा मध्यावर जाऊन थांबला तो थांबलाच.

एसेनगुल आत बसला, दार लावलं नाही.

"उस्ता, तिने दोन तुकडे शिवले होते, असं ती म्हणत होती. नवरोजलाच म्हणाली, अजून एक आत आहे, काढ. मी म्हटलं, एकच आहे, तुला मोजता येत नाही का." तो समोर काट्याकडे बघत होता. "आत काही नव्हतं ना?"

"नव्हतं."

एसेनगुल वळला. उस्ताच्या बाहीवर, काखेजवळ, लाल लोकरीचा एक धागा चिकटला होता. एसेनगुलने हात पुढे केला, तो हलकेच काढून घेतला आणि बोटाभोवती गुंडाळत बसला. फाटकाबाहेर कुणाची तरी मेंढरं ओरडत गेली.

"उद्या या," शेवटी एसेनगुल म्हणाला. "लवकर या. दारात माझ्याशेजारी उभे राहा. सासूबाई विचारतील, तेव्हा तुम्हीच सांगा, रेडिएटरच होता म्हणून. मला सांगता यायचं नाही."

"येतो," उस्ता म्हणाला.

एसेनगुलने दार ओढून घेतलं आणि गाडी फाटकाबाहेर काढली.