वरच्या फळीची शिडी

मी शिडी बोलतेय. कचेरीच्या दप्तरखान्यात दारामागे उभी असते ना, तीच. वर जायला म्हणून मला केलं आणि इथं वर जायचंच कोणाला नाही. किती दिवस गप्प बसायचं?

मला घडवणारा सुतार मोठा खटपट्या. प्रत्येक पायरीवर स्वतः उभा राहून, उड्या मारून बघितलं त्याने. तेव्हा खाली कचेरी, वरच्या मजल्यावर कोर्ट, सगळं नवंकोरं होतं. जमिनीचे नकाशे, जन्ममृत्यूच्या नोंदी, कोर्टाचे निकाल, सगळी गाठोडी माझ्याच अंगावरून मांडणीवर चढली. जुनं सगळ्यात वर ठेवलं. का, तर जुनं कोण मागतंय! अहो, भांडणं जुन्यावरूनच होतात, एवढंही कळू नये?

पुढे कुठल्याशा साहेबांच्या निरोप समारंभाला पताका लावायला इथले कारकून, भाऊसाहेब, माझ्यावर चढले. हातात पताका, तोंडात बिस्कीट. त्यांच्या वजनाने मधली पायरी मोडली. मला मिठी मारून लोंबकळले म्हणून वाचले, आणि खाली उतरून मलाच म्हणाले, "भिकारडी शिडी!"

आता दुरुस्त कोणी करायची? कचेरी म्हणते, शिडी कोर्टाने घेतली, कोर्टाने बघावं. कोर्ट म्हणतं, मोडली तुम्ही, तुम्ही बघा. दोन्हीकडचे कारकून जिन्यात एकत्र चहा पितात, पण शिडीचं बोलायचं तर पत्र पाठवतात. तेव्हापासून वरच्या फळीवरचं काही मागितलं की भाऊसाहेब मान वर न करता लिहून देतात, 'आढळत नाही'. माणसं हात जोडून निघून जातात. मला असा संताप येतो! हात कसले जोडताय, वर बघा की!

एक बाई मात्र हलली नाही. शिवणकाम करणारी, सुया टोचून बोटं राठ झालेली. तिच्या दिराने मध्ये भिंत घालून घराची वाट बंद केली होती. अंथरुणाला खिळलेल्या सासूला दवाखान्यात न्यायचं तर शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातून न्यावं लागे. दिराला आईचीही लाज नाही! वाट दोघा भावांची, असा निकाल सासऱ्यांच्या हयातीत याच कोर्टाने दिलेला, पण घरची प्रत वाळवीने खाल्ली. दुपारी तारीख होती. निकालाची नक्कल दाखवली नाही तर भिंत कायमची राहणार.

"आढळत नाही, बाई."

"शोधलंत कुठं?"

"सगळीकडे."

"खुर्चीवरनंच?"

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. "शिडी मोडलीय. वर जाता येत नाही."

"मग तसंच लिहून द्या. शिडी मोडलीय म्हणून. शिक्का मारा, तेच दाखवते जजसाहेबांना."

"असं लिहिता येत नाही हो!"

"का? खरं आहे म्हणून?"

भाऊसाहेबांनी चष्मा पुन्हा घातला. तिने चपला काढल्या आणि मला ओढून मांडणीला लावलं.

"अहो बाई, पडलात तर जबाबदारी कोणाची?"

"सासू माझी, वाट माझी, हाडंही माझीच. तुम्ही खालून धरा फक्त!"

आणि काय सांगू, धरलं हो त्यांनी! मोडकी पायरी तिने एका ढांगेत ओलांडली. मी जीव मुठीत धरून उभी. वरनं गाठोडी उतरू लागली, धूळ सगळी भाऊसाहेबांच्या टकलावर. निकाल सापडला. कुठं गेला होता? कुठेच नाही. ठेवला तिथंच होता.

शिंकत शिंकत नक्कल तयार झाली. संध्याकाळी बाई जिना उतरून आली. "भिंत पाडायचा हुकूम झाला, भाऊसाहेब."

"बघा, शेवटी सापडला ना कागद!" भाऊसाहेब म्हणाले, जणू स्वतःच वर चढले होते.

मला वाटलं, आता तरी शहाणे होतील. माझी पायरी बसवतील. कसचं काय! बाहेरची माणसं शिडीवर चढतात, हे धोक्याचं आहे, यावर कचेरी आणि कोर्ट यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. साखळी आली, कुलूप आलं, 'वापरू नये' अशी रंगवलेली पाटी आली. तेवढ्या खर्चात माझी पायरी बसून वर रंगही झाला असता.

आता मला दारामागच्या खिडकीच्या गजाला बांधलंय. काल एक म्हातारा आईच्या जन्माची नोंद मागत होता. 'आढळत नाही' लिहिलेला कागद घडी करून खिशात घातला त्याने. त्याची नोंद माझ्या डोक्यावरच होती.

तुम्हाला असा कागद कोणी दिला तर घडी घालू नका. दारामागे मी आहे. कुलपाची किल्ली मागा.