काचेवरची वाफ

इल्मो कार्पिनेन सव्वासहाला उठला. खिडकीबाहेरच्या तापमापकात पारा शून्याखाली तेवीसवर होता. त्याने चुलीत बर्चची तीन लाकडे सारली, कॉफी ठेवली, राईच्या पावाच्या दोन चकत्यांना लोणी लावले आणि त्यातली एक उभ्यानेच खाल्ली. मग कुलुपाच्या कपाटातून रायफल काढून तिचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा सरकता दांडा, कोरड्या फडक्याने पुसला. कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट होते आणि गोळी सुटत नाही, म्हणून हिवाळ्यात तो बोल्टला तेलाचा थेंबही लावत नसे. चार गोळ्या पुरेशा होत्या. त्याने बारा घेतल्या.

शिकार-मंडळाचा नियम साधा होता. ज्याच्या गोळीने जनावर नुसते जखमी होऊन पळाले, त्याने प्रमुखासमोर पंचाहत्तर मीटरवरून चार गोळ्या ताटाएवढ्या वर्तुळात बसवून दाखवायच्या. तोवर त्याला नाक्यावर, म्हणजे जनावर येण्याच्या वाटेवर, बंदूक घेऊन बसता येत नसे. उद्याचा रविवार मोसमातला शेवटचा होता. गेल्या रविवारी इल्मोच्या गोळीने मूस या दांडग्या हरणाच्या एका मादीचे पोट फाडले होते, आणि ती तशीच पळाली होती. गोळी फांदीला लागून वळली, असे त्याने सर्वांना सांगितले होते. पंचेचाळीस वर्षे तो पूर्वेच्या नाक्यावर बसत आला होता.

नेमबाजीच्या मैदानावर तो पोचला तेव्हा नुकते उजाडले होते. मंडळाची प्रमुख रायली मोइलानेन आणि तिला मदत करायला आलेला ओइवा तोलोनेन रुळावरून निशाण लांब नेऊन ठेवायच्या गाड्याशी झटत होते. गाड्याची चाके रुळाला गोठून चिकटली होती. ओइवाने किटलीतले गरम पाणी ओतले. ते पाहता पाहता गोठले आणि चाके आणखी घट्ट बसली.

"शाबास!" रायली म्हणाली. "आता उन्हाळ्यातच निघतील."

"तुझी कॉफी ओतून बघ ना. लोखंडसुद्धा विरघळेल तिनं."

हातोडी आणि पहार घेऊन तिघे दीड तास खपले. गाडा सुटला तेव्हा वारा उठला होता. इल्मोने दोन गोळ्या झाडल्या; दोन्ही आत बसल्या. तेवढ्यात बारीक बर्फाचा असा लोट आला की निशाण दिसेनासे झाले.

"थांब!" रायलीने हात वर केला. "हे धरायचं नाही. परत पहिल्यापासून."

"दोन आत आहेत, रायली."

"मला दिसतंय. पण नियम तूच लिहिलायस, मी नाही."

तिघे शेकोटीच्या खोलीत जाऊन बसले. इल्मोच्या उजव्या हाताची बोटे पांढरी पडली होती. त्याने ती काखेत धरली. अर्ध्या तासाने वारा पडला आणि ओइवा दार उघडून आधी बाहेर गेला. दाराबाहेर वळचणीखाली रायफली ठेवायची लाकडी घोडी होती. ती रिकामी होती. त्याने मागे वळून पाहिले. इल्मो खोलीतून येत होता, आणि रायफल त्याच्या खांद्यावर होती.

"अरे देवा! रायफल आत नेलीस? तिला सौनात वाफ द्यायला की काय?" ओइवा गुडघ्यांवर हात मारून हसला. "तरुणपणी मी एकदा नेली होती, तर वर्षभर मला नावं ठेवत होतास!"

गार रायफल उबेत गेली की तिच्या दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरते, आणि बाहेर येताच ती वाफ गोठते. हे इल्मोनेच गावातल्या प्रत्येक नव्या शिकाऱ्याला शिकवले होते. त्याने डोळा लावला. समोर पांढऱ्या धुरकटाखेरीज काही नव्हते. तो हसला नाही. असेच धुरकट त्याने सहा दिवसांपूर्वी पाहिले होते.

"पूस आणि मार," रायली म्हणाली. "दोनला अंधारायला लागेल."

त्याने अंगठ्याच्या उबेने काच पुसली, पुन्हा पुसली. चार गोळ्या झाडल्या. रायली निशाणाजवळ जाऊन आली.

"तीन." तिने वही काढली. "हे बघ, उद्या बंदूकवाले पाचच आहेत. पूर्वेचा नाका उघडा टाकून चालणार नाही. त्या दिवशी फांदी आडवी आली, आज काच. तुझा हात मला माहीत आहे. मी चार लिहिते."

"लिही, लिही," ओइवा म्हणाला. "आणि सौनाचं मी कुणाला सांगत नाही. फार तर बायकोला."

इल्मोने रायफल घोडीवर ठेवली.

"फांदी नव्हती, रायली."

"म्हणजे?"

"गारठलो म्हणून रायफल घेऊन गाडीत बसलो होतो. हीटर लावून. कुत्रा भुंकला तसा धावत नाक्यावर आलो. काचेतून धड काही दिसत नव्हतं. काहीतरी काळं हललं, आणि मी मारली."

ओइवाने नजर दुसरीकडे वळवली. रायली त्या दिवशी अंधार पडेपर्यंत कुत्रा घेऊन स्कीवरून मादीच्या मागावर होती आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा गेली होती.

"अकराला सापडली आम्हाला," ती म्हणाली. "उभीच होती. रात्रभर उभी असणार."

"माहीत आहे."

"मग आता काय करू, तूच सांग."

इल्मोने तिच्या हातातून वही आणि पेन्सिल घेतली. हातमोजा काढून आपल्या नावापुढे तीन लिहिले, खाली सही केली आणि वही परत दिली.

रविवारी तो सव्वासहालाच उठला. पारा एकोणीसवर होता. चुलीत तीन लाकडे, कॉफी, दोन चकत्या. कपाटाला कुलूप होते. बोल्ट त्याने रात्रीच काढून वेगळ्या खणात ठेवला होता. त्याने नारिंगी जाकीट चढवले आणि मुलाच्या जुन्या स्की गाडीत टाकल्या.

रस्त्याच्या वळणावर मंडळी जमली होती. रायली बंदूकवाल्यांना नाके वाटून देत होती. पूर्वेच्या नाक्याशी येऊन ती अडखळली, आणि तिने ओइवाचे नाव घेतले. ओइवाने नुसती मान डोलावली. मग ती जनावर नाक्यांकडे पिटाळणाऱ्या हाकाऱ्यांकडे वळली. ओळीत इल्मो रिकाम्या हातांनी उभा होता.

"डावं टोक," ती म्हणाली. "बर्फ खोल आहे तिकडं."

"असू दे."

तो वाकला, स्कीचे पट्टे आवळले आणि ओळीच्या डाव्या टोकाला जाऊन इशाऱ्याची वाट पाहू लागला.