राजलक्ष्मीच्या नावाखालची जागा

या मित्रांनो, अंमळ जवळ सरका. गोष्ट माझीच आहे, आणि तिच्यात कीर्तनही आहे अन् रग्बीही.

मी एक जुना फिरता करंडक आहे. वालचंदनगरच्या एका कारागिराने मला पितळेतून घडवले. देशाच्या रग्बी संघात नव्याने चमकलेल्या खेळाडूला इंदापूरचे आनंदराव दर वर्षी मला द्यायचे. माझ्या पोटावर त्याचे नाव कोरायचे आणि वर्षभर मी त्याच्या घरी राहायचो. कधी कोल्हापूर, कधी पार भुवनेश्वर!

एका वर्षी मी पणदऱ्याच्या राजलक्ष्मीकडे आलो. तिचे आजोबा गेणबा म्हणजे कीर्तनवेडा माणूस. गावात सप्ताह बसला, तेव्हा त्यांनी मलाच धुऊनपुसून, पाणी भरून, वर पाने-नारळ ठेवून कलश म्हणून मांडले.

"अवो आबा, घरात तांब्या न्हाय व्हय?" शेजारच्या फुलाबाईंनी टोमणा मारला.

"हाय की. पण तांब्यापायी कुणी गुडघं फोडून घेतलं न्हाईत. याच्यापायी माझ्या नातीनं घेतल्यात!"

सगळा मांडव हसला. मित्रांनो, टाळ-मृदंगाच्या त्या गजरात मी अगदी धन्य झालो.

तेवढ्यात आनंदराव आले. "आबा, उद्या कार्यक्रम हाय. औंदा सांगवीच्या स्वरूपाचा मान. करंडक द्या."

"मांडलेला कलश काल्याच्या कीर्तनाआधी हलवत न्हाईत, आनंदराव. काला होऊ द्या की!"

आनंदराव देवापुढे हात जोडून गेले.

दुसऱ्या दिवशी राजलक्ष्मी कार्यक्रमाहून परतली, ती थेट आबांपुढे येऊन बसली. मग म्हणाली, "आबा, स्वरूपा रिकाम्या हातानं फोटोला उभी ऱ्हायली. आमच्या खेळात पळायचं पुढं, पण हातातला चेंडू मागच्यालाच द्यायचा असतो. तो बी येळेत. तुमी धरून ठिवला."

आबांचा चेहरा उतरला. काला होताच ते मला आणि काल्याचा प्रसाद घेऊन सांगवीला गेले. स्वरूपाने राजलक्ष्मीच्या नावाखालच्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवले.

"ऱ्हाऊ द्या, आबा. आता देवाचं झालंय त्ये."

काला मात्र तिने दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि ती आत गेली.

त्याच वर्षी आनंदराव वारले. पुरस्कार बंद पडला. राजलक्ष्मी नोकरीला लांब गेली. आबांनी मला पुन्हा कधी कलश केले नाही. माझ्याकडे बघवतच नाही त्यांना. मी कपाटावर आहे. सप्ताहात मृदंग वाजला की माझे पितळ आतून थरथरते, एवढीच काय ती सोबत.

मित्रांनो, मिळालेला मान जिवापाड जपा, पण मागून येणाऱ्याची वेळ झाली की हात सैल सोडा. आणि एक मागणे आहे. माझ्यावर जे नाव नाही, ते तुम्ही मनात ठेवा. सांगवीची स्वरूपा. तीही देशासाठी खेळली होती.