मधल्या गावची भाषा

आमच्या नदीवर तीन गावं आणि तीन भाषा. सख्ख्या बहिणीच त्या. तोंडावळा एक, पण एकीचं दुसरीशी पटत नाही. दुसऱ्याचं ऐकून कळतं सगळ्यांना, बोलायचं मात्र ज्याने त्याने आपलंच.

युवान खालच्या गावचा. त्याची सासू सौनेई वरच्या गावची. बाई अडली की तिन्ही गावं तिच्याच दारात. त्या दुपारी युवानची बायको बाळंतिणीच्या झोपडीत कळा देत होती आणि हा भर पुरात सासूला होडीतून आणत होता. घाईत एकच विसरला: मध्ये बसवायला माणूस.

जावयाने सासूशी बोलायचं नाही, तिला शिवायचं नाही. तोंड उघडलं तर पोटातलं मूल आडवं येतं. म्हणून कुणीतरी मध्ये बसून बोलणं इकडचं तिकडे करतं. आज होडीत होता फक्त कुत्रा.

सौनेई पुढे, तोंडावर इरलं ओढून. मोठ्या माणसाला कुत्र्याशी बोलायची मुभा असते.

"काय रे कुत्र्या, वल्हं मारणाऱ्याच्या दंडात सागो-माडाच्या पिठाची खळ भरलीय का?"

जावयाला तेवढीही मुभा नाही. युवानने ओठ मिटून वल्हं मारलं.

वळणावर काठाचं झाड नदीवर कलंडलं होतं. फांदी बरोबर सौनेईच्या मानेच्या उंचीला, आणि होडी काही आवरेना. युवानने वल्हं होडीच्या काठावर दणादणा आपटलं.

"ऐकलंस कुत्र्या? आता ढोल वाजवायला लागले!"

बोलावं तर मूल आडवं. न बोलावं तर ते सोडवणारी बाईच जाणार. युवान ओरडला, पण मधल्या गावच्या भाषेत, दोघांपैकी कुणाचीच नव्हती तिच्यात: "वाका!"

ती वाकली. फांदीने नुसतं इरलं नेलं.

त्यानंतर सौनेई कुत्र्याशीही बोलली नाही. हाताने तोंड झाकून बसली. युवान वल्हं मारता मारता मनात घोकत राहिला: परकी भाषा म्हणून सुटलो, की ते बोलणंच धरलं गेलं?

झोपडीबाहेर तो कुत्र्याला धरून बसला. आत बायको किंचाळत होती. मग एकाएकी तीही गप्प झाली. युवानच्या तोंडातली सुपारी तशीच राहिली, चावायचं भान नाही. बऱ्याच वेळाने बारीक रडं ऐकू आलं.

सौनेई दारात आली, पाठ करून उभी राहिली.

"कुत्र्या, नदीवर मधल्या गावचा कुणी मेला ओरडत होता. भेटला तर सांग, मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत." मग आत जाता जाता, "आडवीच होती हो. वळवली मी. पुढच्या वेळी म्हणावं, जरा हळू ओरड."